चार मिनिटं शिक्षक बोलत नाही

१

एकाच पाठाचे दोन मालक निघाले होते आणि दोघांतला एक चोर होता. कुलसचिवांनी मला गुरुवारी सकाळी दहा वाजता बोलावलं ते एवढ्यासाठी.

मी परीक्षा विभागातून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. त्याआधी बावीस वर्षं कॉपी पकडणं हाच माझा धंदा होता. मुलं पाठीमागे मला 'भरारी' म्हणायची, मग प्राध्यापक म्हणायला लागले, आणि आता आमचे हेसुद्धा फोनवर "भरारी आंघोळीला गेलीय" असं सांगतात. म्हणोत बापडे.

"यावेळी मुलं नाहीत," कुलसचिव म्हणाले. "मास्तर आहेत."

"मास्तरांना परीक्षा कधीपासून?"

"यंदापासून."

विद्यापीठाने आपल्याच शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन प्रशिक्षण वर्ग काढला होता. चौसष्ट शिक्षक, आठवड्याला दोन सत्रं, घरचा अभ्यास, आणि शेवटी आपल्या पन्नास मिनिटांच्या एका तासाचं नियोजन लिहून पाठवायचं. त्यालाच ते 'पाठ' म्हणत होते. पाठ मान्य झाला तर प्रमाणपत्र. जन्मभर मुलांना "वेळेत का नाही दिलं?" म्हणून झापणारी माणसं आता स्वतः गृहपाठ करत होती. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुलसचिवांनी दोन पाठ माझ्यासमोर ठेवले. विषय एकच, विद्यार्थ्यांना तक्ता वाचायला कसं शिकवावं. एकात निर्यातीचा तक्ता, दुसऱ्यात दवाखान्यातल्या रुग्णांचा. बाकी चाळीसपैकी एकतीस वाक्यं जशीच्या तशी. पाठ सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे होते. मंगळवारी यंत्राने सगळे पाठ एकमेकांशी ताडून पाहिले आणि बुधवारी सकाळी ही जोडी काढून दिली.

पहिला पाठ अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांचा. त्यांना सगळे घड्याळसर म्हणतात, कारण ते कुठेही पाच मिनिटं आधी पोचतात. त्यांनी तो शनिवारी सकाळीच दिला होता. दुसरा संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका तासिकेवरच्या बाईंचा. सात वर्षं त्या 'पाहुण्या प्राध्यापक' आहेत, म्हणून त्यांचं नावच 'पाहुणी' पडलंय. त्यांचा पाठ सोमवारी साडेचारला आला होता.

"उशिरा आला तो नकलेचा, असा नियम," कुलसचिव म्हणाले. "संख्याशास्त्राची एक कायम जागा निघालीय. सोमवारी मुलाखती. पात्र उमेदवारांची यादी उद्या पाचला लागते. कॉपीचा शिक्का असला तर तिचं नाव यादीत येणार नाही, आणि पुन्हा कधीच येणार नाही."

"आणि शिक्का चुकीचा असला तर?"

त्यांनी चहाचा कप उचलून पुन्हा ठेवला. कपाखाली प्रशिक्षण कक्षाचं एक पाकीट होतं, न फोडलेलं, त्यावर चहाची तीन वर्तुळं. "म्हणूनच तुम्हाला बोलावलं. ती रडली नाही हो. रडली असती तर मी सही करून मोकळा झालो असतो."

२

पाहुणीला बसायला खोली नाही. जुन्या इमारतीत तळमजल्यावरची शेवटची वर्गखोली, तिथेच ती शिकवते आणि तिथेच डबा खाते. मी पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. चाळिशीला आलेली, बारीक चणीची बाई फळा पुसत होती.

"पाठ कसा झालाय तुमचा?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो.

तिने खडू खाली ठेवला. "शेवट घाईचा झालाय. तक्ता जरा मोठाच घेतला, मागच्या बाकांवर दिसणार नाही. आणि तिसरा प्रश्न मुलांना कळत नाही, दरवर्षी अडकतात तिथे. बदलायला हवा होता."

बावीस वर्षांचा अनुभव सांगते. ज्याने स्वतः केलंय तो रडगाणं गातो, ज्याने ढापलंय तो गोडवे गातो. पण रडगाणं पुराव्यात बसत नाही.

"तुमचा पाठ सोमवारच्या आधी कोणी पाहिला होता?"

"तिसऱ्या आठवड्यात कच्चा पाठ द्यायचा होता. तो तीन सहकारी वाचतात आणि अभिप्राय लिहितात. नावं कळत नाहीत, त्यांना आमचं नाही, आम्हाला त्यांचं नाही."

"घड्याळसर त्यात असतील?"

"मला कोणाचं नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. "सर सोमवारी माझ्या मुलाखतीला बसणार आहेत."

तेवढ्यात मुलं आली. मी मागच्या बाकावर बसले आणि हातातल्या पाठाबरोबर तास ताडून पाहू लागले. तिने आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'शेजाऱ्याशी बोला: या तक्त्यात काय लपवलंय?' मग शिकवायला लागली. छान शिकवते, हेही सांगून टाकते. अकरा वीसला ती अर्ध्यातच थांबली, फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मुलं जोडीजोडीने बोलायला लागली. पुढच्याच क्षणाला खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीची मोटर सुरू झाली. शेजारचा माणूस काय बोलतो ते कळायचं असेल तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. चार मिनिटांनी मोटर थांबली. पाहुणीने तास पुढे सुरू केला.

पाठात लिहिलं होतं, 'विसावं मिनिट. जोडीने चर्चा. सूचना फळ्यावर आधीच लिहिलेली. चार मिनिटं शिक्षक बोलत नाही.'

तास संपल्यावर मी विचारलं, "मोटर रोज याच वेळेला लागते?"

"कुठली मोटर?" मग तिच्या लक्षात आलं. "अगंबाई, ती होय. सात वर्षं झाली, आता ऐकूही येत नाही." तिने माझ्या हातातला पाठ घेतला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "म्हणजे हे मी मोटरसाठी लिहिलंय?"

दोन दिवसांत बाई पहिल्यांदा हसली असावी.

तीच ओळ, त्याच विसाव्या मिनिटाला, घड्याळसरांच्या पाठात होती. आता प्रश्न एवढाच राहिला की तिचा पाठ सरांच्या हाताला लागला कसा. मी उठण्याआधी तिचे तिन्ही अभिप्राय मागून घेतले.

३

घड्याळसर नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसतात. शेजारीच त्यांची वर्गखोली. गालिचा, गार हवा, आणि इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

"पाठ कसा झालाय?" मी विचारलं.

"उत्तम," सर म्हणाले. "विशेषतः ते चार मिनिटांचं मौन. वीस मिनिटांनी विद्यार्थ्यांचं लक्ष ढळतं, शास्त्रच आहे ते. तिथे शिक्षकाने बाजूला व्हायचं. फार कमी लोकांना हे जमतं."

गोडवे सुरू झाले होते.

"सूचना फळ्यावर आधीच का लिहायची?"

"म्हणजे बोलायची गरज पडत नाही."

"बोललं तर काय बिघडलं? तोंडाने सांगावं आणि मग गप्प बसावं."

सरांनी विचार केला. "फळ्यावर असलेलं बरं."

"तुमच्या वर्गात फळा कुठे आहे?"

मी आत डोकावून आले होते. तिथे भिंतभर पडदा होता आणि फळा नव्हता. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तपशील आहे तो. बदलता येईल."

इथवर सगळं सरळ होतं. पण मग सर जे बोलले त्याने मी गोंधळले. "त्या मुलीला मी दोष देत नाही," ते म्हणाले. "चांगलं दिसलं की माणसाचा हात जातो. तिला क्षमा करावी असं मी लेखी द्यायला तयार आहे."

कॉपी करणारा पकडला गेला की विचारतो, 'कोणी सांगितलं?' सरांनी ते विचारलं नाही. ते अजिबात घाबरले नव्हते. त्यांना खरोखर तिची दया येत होती.

"सर, हा पाठ तुम्ही लिहिलात?"

"तयार केला."

"लिहिलात का, असं विचारतेय."

"मॅडम, विभागप्रमुख लिहीत बसत नाही. खालून मसुदा येतो. मी तो वाचतो, दोन शब्द बदलतो, सही करतो. अहवाल, ठराव, पत्रं, अठ्ठावीस वर्षं सगळं असंच चाललंय. आणि सही झाली की ते माझंच असतं, चुकलं तर बोलणीही मीच खातो."

"या पाठाचा मसुदा कोणी पाठवला?"

"प्रशिक्षणातच मिळाला. कुठल्याशा सत्रात. मी त्यात तक्ता माझा घातला. सगळ्यांनाच दिला असणार."

त्यांना यात काही वावगं दिसतच नव्हतं. मी जिन्यात उभी राहून ग्रंथपालांना फोन केला. त्यासुद्धा याच वर्गात होत्या. "मसुदा?" त्या म्हणाल्या. "अहो, कसला मसुदा? डोक्याचं भरीत झालं माझ्या पाठ लिहिताना."

४

प्रशिक्षण कक्ष म्हणजे दोन टेबलं, तीन पडदे आणि एक खिडकी. वर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळे म्यूटताई म्हणतात, कारण "कृपया सगळ्यांनी म्यूट करा" हे त्यांचं दर सत्रातलं पहिलं वाक्य. पन्नाशीच्या, हसऱ्या, गळ्यात हेडफोन. दुसऱ्या टेबलावर ऑपरेटर. त्याने एक पाय स्टुलावर ठेवला होता.

"काल गुडघा दाखवायला गेलो होतो," तो म्हणाला. "दिवसभर तिथेच. रांग संपेचना."

मी म्यूटताईंना विचारलं, "मसुदा, उदाहरण, असं काही तुम्ही शिक्षकांना देता का?"

"मुळीच नाही. उदाहरण दिलं की सगळे तेच उतरवतात."

"कच्चे पाठ तुम्ही वाचता?"

"वाचू शकते, वाचत नाही. पहिल्या सत्रातच मी सगळ्यांना शब्द दिलाय, इथे लिहिलेलं इथेच राहील. वय झालेल्या माणसांना शिकायला बसवायचं तर त्यांना आधी सुरक्षित वाटावं लागतं हो." हे बोलताना त्यांचा आवाज मऊ झाला. त्यांच्यामागे भिंतीवर कागद लावला होता, 'अभिप्राय देताना दोन चांगल्या गोष्टी सांगा, एक प्रश्न विचारा.'

मी ऑपरेटरकडून पाहुणीच्या वाचकांची यादी घेतली. तीन नावं होती. वनस्पतिशास्त्राचे एक गृहस्थ, ग्रंथपालबाई, आणि तिसऱ्या एक बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या. त्या दुसऱ्याच आठवड्यात वर्ग सोडून गेल्या होत्या.

म्हणजे वाचक दोन. माझ्या पर्समध्ये अभिप्राय तीन होते.

मी ते तिथेच काढून वाचले. एक होता, 'छान. अक्षर मोठं ठेवा.' दुसरा, 'संदर्भ द्यावेत.' हा ग्रंथपालबाईंचा, सांगायला नको. तिसरा अर्ध्या पानाचा होता. त्यात दोन गोष्टींचं मनापासून कौतुक होतं आणि शेवटी एक प्रश्न: 'विसाव्या मिनिटाला तुम्ही गप्प राहता, ते कसं सुचलं?'

मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि अभिप्राय पर्समध्ये परत ठेवले. एका कागदावरून माणूस पकडायचा नसतो.

"सत्रांची रेकॉर्डिंग दाखवा," मी ऑपरेटरला म्हणाले.

"अकरा सत्रं झाली, अकरा रेकॉर्डिंग. बारावं उद्या तीनला."

मोजून अकराच होती. पण शेवटच्यावर आकडा होता बारा.

"आकडे कोण घालतं?"

"यंत्र घालतं." तो पुढे वाकला. नऊनंतर एकदम अकरा होतं. "दहा कुठे गेलं?"

दहा काल, बुधवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी काढून टाकलं होतं. हजेरीपट मात्र वेगळा राहतो, तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. मागच्या आठवड्यातला गुरुवार, जादा सत्र, 'ज्येष्ठांसाठी शंकानिरसन'. हजर सहा जण, सहाही विभागप्रमुख. पहिलं नाव घड्याळसरांचं, पाच मिनिटं आधी.

"रेकॉर्डिंग काढायची परवानगी कोणाकोणाला आहे?"

"मला, ताईंना आणि कुलसचिवांच्या कार्यालयाला," ऑपरेटर हळूच म्हणाला. "पासवर्डचं पाकीट त्यांना पाठवलंय."

म्यूटताई तोवर खोलीतून बाहेर गेल्या होत्या.

५

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. ऑपरेटर दवाखान्यात होता. कुलसचिवांचं पाकीट अजून बंद होतं, त्याचा त्यांनी बशीसारखा वापर चालवला होता. उरल्या म्यूटताई.

"मग झालं की," हे म्हणाले. "धर की तिला."

"कशावरून धरू? रेकॉर्डिंग चुकून गेलं म्हणाली तर? त्या सत्रात सहा जण होते. पाठ दाखवला असेल तर बाकीच्या पाच जणांनी काय केलं? यंत्राला एकच जोडी सापडली."

"पाच जण सज्जन असतील."

"सहा विभागप्रमुखांत पाच सज्जन?"

यांनी मान्य केलं की हिशेब जुळत नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्या पाचांपैकी भूगर्भशास्त्राच्या प्रमुखांकडे गेले. मोठा गडगडाटी माणूस, टेबलावर दगडच दगड. हेही सोमवारच्या मुलाखतीला बसणार होते, शाखेचे प्रतिनिधी म्हणून.

"पाठ दिलात का सर?"

"दिला की. मंगळवारी दिला. म्हणजे मुदत सोमवारची होती, पण यंत्र घेईना, तेव्हा ताईंना ईमेलने पाठवला. आम्ही पाचही जणांनी तसाच पाठवला. त्या काही बोलत नाहीत बिचाऱ्या. पण परवा दुपारी त्यांचा निरोप आला, फाईल उघडत नाही म्हणून. पाठ नव्याने लिहून द्या, आठ दिवसांची मुदत देते."

"मुदत तुम्ही मागितली होती?"

"छे. मी कशाला मागतोय?"

पाठ देणाऱ्याने मुदत मागावी आणि घेणाऱ्याने नाक मुरडावं, ही जगाची रीत. न मागता मुदत देणारी बाई मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. आणि फाईल उघडत नसेल तर तीच पुन्हा पाठवा म्हणतात, नव्याने लिहा म्हणत नाहीत.

"उघडून दाखवता का जरा?"

सरांनी टिचकी मारली. फाईल झटकन उघडली. तक्ता खडकांच्या वयाचा होता. खाली लिहिलं होतं, 'विसावं मिनिट. जोडीने चर्चा. सूचना फळ्यावर आधीच लिहिलेली. चार मिनिटं शिक्षक बोलत नाही.'

"उघडते की हो," भूगर्भवाले म्हणाले, आणि त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

६

बारा वाजता मी म्यूटताईंसमोर बसले. ऑपरेटरला चहाला पाठवलं.

"मी बोलते, चुकलं तर सांगा," मी म्हणाले. "तिसरी वाचक सोडून गेली. पाहुणीला तीन अभिप्राय मिळायला हवेत, म्हणून तिसरा तुम्ही लिहिलात. तेव्हा तुम्ही तो पाठ वाचला आणि तुम्हाला तो आवडला. मागच्या गुरुवारी सहा प्रमुख बसले, म्हणाले काय लिहायचं ते कळत नाही, एखादा दाखवा. तुम्ही तिचं नाव काढून तो दाखवलात, वर फाईलही दिलीत. तुम्हाला वाटलं ते वाचतील. त्यांना मसुद्यावर सही करायची सवय, त्यांनी सही केली. पाच जणांनी उशीर केला म्हणून त्यांचे पाठ यंत्रात गेलेच नाहीत. घड्याळसरांनी शनिवारीच दिला, आणि मुदत संपल्यावर यंत्रातला पाठ तुम्हालाही काढता येत नाही. बुधवारी सकाळी जोडी निघाली तेव्हा तुम्हाला सगळं कळलं. बारा पाचला रेकॉर्डिंग काढलंत, मग पाचही पाठ परत पाठवलेत."

त्यांनी हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "विचारणार होते मी तिला. राहून गेलं. त्या सहा जणांनी अर्धवट सोडलं असतं तर पुढच्या वर्षी हा वर्ग बंद झाला असता. तीन वर्षं लागली मला तो उभा करायला."

"राहून गेलं ते मी समजू शकते. बुधवारचं सांगा."

"बुधवारी तासभर मला खुर्चीतून उठताच आलं नाही. इथे लिहिलेलं इथेच राहील, हे मीच म्हणाले होते. तेच मोडलं असं कळलं असतं तर कोणी पुन्हा इथे एक ओळ लिहिली नसती. ती हुशार आहे. पुढच्या वेळी होईल तिचं, असं मी स्वतःला सांगितलं."

"सात वर्षं सगळे तिला हेच सांगतायत."

मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही आली. राग जास्त होता.

कुलसचिवांना मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले तेव्हा चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. "मॅडम, 'तांत्रिक चूक' असं लिहू. तिचा शिक्का पुसतो, नाव यादीत येतं. साप मेला आणि काठीही शाबूत."

"आणि सोमवारी घड्याळसर आणि भूगर्भवाले तिच्यासमोर मुलाखतीला बसणार. तिच्यापायी आपली चौकशी झाली, हे तोवर दोघांना कळलेलं असेल. नावं लिहिलीत तर त्या दोघांना उठावं लागेल. ज्याच्यावर ठपका त्याने निवड करायची नाही, नियम तुमचाच आहे."

"लिहिली असती. पण पाठ मुळात तिचा, याला पुरावा काय? सात जणांकडे सारखाच कागद आहे. मोटर काय साक्षीला आणू? म्यूटताईंनी स्वतः सांगितलं, सगळ्यांदेखत, तर लिहितो. नाहीतर तांत्रिक चूक."

मी तो निरोप म्यूटताईंना दिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी नोकरी."

"हो," मी म्हणाले. खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

७

तीन वाजता शेवटचं सत्र सुरू झालं. कुलसचिवांच्या खोलीत त्यांच्या पडद्यासमोर आम्ही दोघं बसलो होतो. पडद्यावर चौकोनांची मांडणी, निम्म्यांचे कॅमेरे बंद. घड्याळसर आधीच हजर होते. भूगर्भवाल्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. पाहुणी तिच्या वर्गखोलीत होती, मागे पुसलेला फळा.

म्यूटताईंनी कोणाला म्यूट करायला सांगितलं नाही. पहिली पाच मिनिटं त्या समारोपाचं बोलल्या, सहा आठवडे कसे गेले, कोणी काय शिकलं. मी घड्याळ पाहिलं. कुलसचिवांनी 'तांत्रिक' हा शब्द लिहायला पेन उचललंही होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता माझा पाठ."

आणि त्यांनी सांगितलं. पाठ कोणाचा होता, तो त्यांनी कधी, कोणासमोर, न विचारता दाखवला. सहाही नावं घेतली. रेकॉर्डिंग कोणी काढलं ते सांगितलं. "चूक झाली हे एक," त्या म्हणाल्या, "पण बुधवारी तिच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले, ती चूक नव्हे. ते मी समजून उमजून केलं." भूगर्भवाल्यांचं कपाळ पडद्यावरून गेलं. घड्याळसर जागचे हलले नाहीत. इतकं पडलेलं तोंड मी परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली लिहिलं, 'पाठ माझा नाही. मागे घेतो.'

मग पाहुणीने तिचा माइक सुरू केला. मला वाटलं आता ही बोलेल, आणि बोलावंच तिने, सात वर्षांचं साठलेलं आहे.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

म्यूटताईंनी तोंडावर हात धरला.

माणसं एकेक करून निघून गेली. शेवटी पडद्यावर त्या दोघी आणि आम्ही, एवढेच उरलो. कुलसचिव आणखी थांबले असते, मीच त्यांचा पडदा बंद केला आणि त्यांच्यापुढे कागद सरकवला. त्यांनी सहाही नावं लिहिली.

पाचला यादी लागली. पाहुणीचं नाव सातवं होतं. सोमवारी मुलाखतीला दोन माणसं बाहेरून बोलावली. तिने त्यांच्यासमोर तक्ता शिकवला, आणि बुधवारी तिला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. म्यूटताईंनी त्याच दिवशी प्रशिक्षण कक्षाच्या किल्ल्या कुलसचिवांकडे परत आणून दिल्या.

हे मला विचारत होते, त्या दोघी नंतर काय बोलल्या आणि किती वेळ बोलल्या. मला माहीत नाही. पाहुणी भेटली होती मला पत्र दाखवायला, पण मी तिला ते विचारलं नाही.